अंगणातलं हळदीकुंकू: आधी सावली, मग आरास



चैत्र लागला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. यंदा हळदीकुंकू कोणाच्या अंगणात? चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर चैत्रगौर बसते. त्यातला एखादा मंगळवार किंवा शुक्रवार धरून बायका एकमेकींना बोलावतात. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात. त्यातच लग्नसराई, केळवणं आणि गावची जत्रा. म्हणजे वर्षात सगळ्यात जास्त पाहुणे आपल्या दारात येतात ते नेमके सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत. घरं लहान, वर पत्रा, त्यामुळे बसायचं अंगणातच.

बैठकीत या कार्यक्रमाची चर्चा सुरू होते तेव्हा पहिला प्रश्न असतो, साड्या कोणत्या रंगाच्या नेसायच्या. मग रांगोळी, मग खायला काय. पाणी किती लागेल आणि सावली कुठे असेल हे शेवटी, उठता उठता ठरतं. कधी कधी ठरतही नाही. या लेखात मी तोच क्रम उलटा करून मांडणार आहे. डाळ कशी वाटायची हे मी तुम्हाला शिकवायला नको, ते तुम्हीच मला शिकवलंय. पण चाळीस-पन्नास जणी उन्हाळ्यात अंगणात दोन तास बसणार असतील तर कशाची तयारी आधी करायची, ते नीट समजून घेऊ.

हा विषय एवढा महत्त्वाचा का?

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लोक भर उन्हात कितीतरी तास बसून होते. उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. तो कार्यक्रम लाखोंचा, आपला चाळीस बायकांचा. पण ऊन तेच आणि शरीरही तेच.

आपलं शरीर घाम काढून स्वतःला थंड ठेवतं. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. घाम यायला अंगात पाणी लागतं आणि तो वाळायला वारा लागतो. पाणी कमी प्यायलं, वर जाड काठाची पॉलिस्टरची साडी नेसली, आणि गर्दीत दाटीवाटीनं बसलं की दोन्ही अडतं. मग डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं. तरीही बाई उठत नाही, कारण "कार्यक्रमातून मध्येच कसं उठायचं?"

सपाट भागात कमाल तापमान ४० अंशांवर जाऊन नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त वाढलं, की हवामान खातं त्याला उष्णतेची लाट मानतं. ४५ अंश झालं तर ती लाटच. अशा इशाऱ्याच्या दिवशी कार्यक्रम असेल तर तो पुढे ढकलायला लाजू नका. चैत्रगौर महिनाभर असते, पुढचा शुक्रवार येतोच.

वेळ: सूर्याकडे बघून ठरवा

दिवसाचं सगळ्यात जास्त तापमान बारा वाजता नसतं. जमीन तापायला वेळ लागतो, म्हणून खरा कहर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असतो. "जेवणं आटोपली की तीनला या" असं निमंत्रण आपण देतो ते याच वेळेत. चालत येणारी बाई येतानाच अर्धी गळून जाते.

त्यामुळे वेळ साडेपाच ते साडेसात ठेवा. एप्रिल-मे महिन्यात सूर्य पावणेसात-सातच्या आसपास मावळतो, म्हणजे उजेडही मिळतो. सकाळची वेळ सोयीची असेल तर आठ ते दहा. पण सकाळी कामाला जाणाऱ्या ताईंचा रोज बुडतो, त्यांना आधी विचारा.

निमंत्रणात सुरू होण्याची वेळ सांगता तशी संपण्याचीही सांगा. स्वयंपाकाला घरी जायचं असतं, लहान मूल घरी असतं. वेळ ठरलेली असली की कोणी तीन तास अडकून पडत नाही.

सावली: मांडव कुठे आणि कसला

अंगणात आदल्या दिवशी पाच वाजता उभं राहा आणि सावली कुठे पडते ते बघा. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला असतो, म्हणून घराच्या पूर्वेकडची बाजू घराच्याच सावलीत येते. तिथे अर्धा मांडव फुकट मिळतो. पश्चिमेकडची भिंत मात्र दिवसभर तापलेली असते आणि रात्री आठपर्यंत धग सोडत राहते. त्या भिंतीला पाठ लावून कोणाला बसवू नका, म्हाताऱ्या आजींना तर नाहीच.

लिंब, आंबा, चिंच असं झाड असेल तर त्यासारखा मांडव नाही. झाडाची पानं पाण्याची वाफ सोडतात, म्हणून झाडाखाली नुसत्या कापडाखालच्यापेक्षा जास्त गार वाटतं. झाड नसेल तर शेडनेट बांधा. भाजीपाला लावणाऱ्या एखाद्या ताईकडे ती असतेच. जाळीतून वारा खेळतो. निळी-पिवळी प्लॅस्टिकची ताडपत्री वारा अडवते आणि खाली वाफारा धरते. तीच वापरायची वेळ आली तर खूप उंच बांधा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवा. जुन्या सुती साड्या दोन पदरी करून ताणल्या तर सावलीही मिळते आणि मांडव दिसतोही देखणा.

उंची निदान नऊ-दहा फूट हवी. खाली बांधलेल्या मांडवात गरम हवा डोक्यावरच साठते. पश्चिमेच्या बाजूला गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा टांगून तो ओला ठेवला तर आत येणारा वारा गार होतो. ही युक्ती विदर्भ, मराठवाडा, खानदेशाच्या कोरड्या हवेत चांगली चालते. कोकणात हवा आधीच दमट असते, तिथे ओला पडदा उपयोगाचा नाही, नुसता वारा मोकळा ठेवा.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळवाचा पाऊस आणि वावटळ येते हे विसरू नका. दोऱ्या पक्क्या बांधा. ढग गडगडायला लागले की मांडव आणि झाडाखालून सगळ्यांनी पक्क्या घरात जायचं. वीज पडण्याची आगाऊ सूचना देणारं 'दामिनी' नावाचं मोबाईल ॲप पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं तयार केलेलं आहे. गटातल्या एका ताईच्या फोनवर तरी ते असावं.

सडा केव्हा घालायचा

मातीचं अंगण असेल तर पाण्याचा सडा हा सगळ्यात स्वस्त कूलर आहे. पण दुपारी तापलेल्या जमिनीवर पाणी टाकलं तर वाफ उठते आणि उकाडा वाढतो. ऊन उतरल्यावर, कार्यक्रमाच्या तासभर आधी, हलका सडा घाला. जमीन ओली दिसावी, चिखल होऊ नये. सिमेंटचं किंवा फरशीचं अंगण लवकर गार होत नाही, तिथे दोनदा पाणी मारावं लागतं आणि वर सतरंजीखाली गोधडी अंथरावी लागते.

टँकरच्या गावात सड्याला पाणी कुठून आणायचं? भाज्या, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी सकाळपासून एका बादलीत जमवा. तेवढं पुरतं.

पाणी: माणशी हिशोब

पन्नास माणसं (त्यात मुलंही आली) येणार असतील तर पिण्यासाठी माणशी दीड लिटर धरा. पन्नास गुणिले दीड म्हणजे पंचाहत्तर लिटर. वीस लिटरचे चार जार. हात धुवायचं आणि शौचालयाचं पाणी वेगळं. हा आकडा बैठकीतच वहीत लिहा आणि कोण किती आणणार ते ठरवा, म्हणजे घरच्या बाईला एकटीला हंडे वाहावे लागत नाहीत.

माठातलं पाणी गार का होतं? माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणून माठ सावलीत पण वारा लागेल अशा जागी ठेवायचा. कोपऱ्यात कोंडून ठेवलेला माठ गार होत नाही. तिवईवर ठेवा, भोवती ओलं फडकं गुंडाळा. नवा माठ आदल्या दिवशीच भरून ठेवा आणि पहिलं पाणी टाकून द्या.

माठात हात किंवा पेला बुडवू नका. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि एकाच ताईनं पाणी द्यावं. पाणी विहिरीचं किंवा टँकरचं असेल तर उकळून गार केलेलं किंवा औषध टाकलेलंच वापरा. किती थेंब टाकायचे ते आशाताईंना विचारून घ्या, अंदाजानं टाकू नका. तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं, पण तेवढ्यानं जंतू मरत नाहीत.

बर्फ विकत आणणार असाल तर नीट बघा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळसर रंग टाकावा असा नियम आहे. मासे किंवा सामान गार ठेवायचा तो बर्फ सरबतात घालायचा नसतो. खात्री नसेल तर बर्फ बाहेरून भांड्याभोवती लावा, आत टाकू नका.

आता एक गोष्ट, जी आपण बैठकीत बोलत नाही. कार्यक्रमाला गेलेली बाई पाणीच पीत नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठे? परक्या घरी शौचालय विचारायला लाज वाटते. मग ती दुपारपासून कोरडी राहते आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडते. म्हणून घरातलं शौचालय त्या दिवशी धुऊन, बादली-मग भरून, आत दिवा आणि साबण ठेवून मोकळं ठेवा. आणि बायका आल्या आल्या यजमानणीनं स्वतः सांगावं, "मागच्या दारानं गेलं की डाव्या हाताला आहे." एवढं एक वाक्य बोललं की पाणी पिणं आपोआप वाढतं. घरी शौचालय नसेल तर शेजारच्या ताईशी आधी बोलून ठेवा.

खायला काय: जे तासाभरात संपेल ते

शिजवलेलं किंवा भिजवलेलं अन्न उन्हाळ्यात बाहेर ठेवलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. एरवी दोन तास चालणारा पदार्थ ३२ अंशांच्या वर तासाभरातच धोक्याचा होतो. वास किंवा चव बिघडण्याच्या आधीच तो पोटाला बाधू शकतो. त्यामुळे "चाखून बघितलं, चांगलं आहे" एवढ्यावर भरवसा ठेवू नका.

कैरीची डाळ हा चैत्राचा मान. पण ती कच्ची असते, हे लक्षात घ्या. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा, त्याहून जास्त नको. भिजवण्याचं पाणी एकदा बदला. वाटायचं काम सकाळी उरकून ठेवू नका, कार्यक्रमाच्या तासभर आधी वाटा. ओलं खोबरं सगळ्यात आधी आंबतं, ते शेवटी वरून घाला. दोन घरी वाटून घेतलं तर वेळ पुरतो. भीती वाटत असेल तर भिजवलेली डाळ दहा मिनिटं वाफवून मग भरड वाटा, चवीत फार फरक पडत नाही. चाळीस-पन्नास जणींना द्रोणात दोन-तीन चमचे द्यायला एक किलो डाळ पुरते.

ओटीचे हरभरे रात्री भिजवून सकाळी उपसा, धुवा आणि ओल्या फडक्यावर पसरून ठेवा. डब्यात झाकून ठेवले तर दुपारपर्यंत बुळबुळीत होतात.

पन्ह्यासाठी एक किलो कैरी सालासकट उकडली की गर साधारण अर्ध्या किलोच्या वर निघतो. गराच्या दीडपट गूळ, मीठ, वेलची घातली की त्यात पंचवीसेक छोटे पेले होतात. म्हणजे पन्नास जणींना दोन किलो कैरी. हा घट्ट गर आदल्या दिवशी करून ठेवता येतो. पाणी मात्र आयत्या वेळी घाला. पन्हं, ताक, चिंचेचं काहीही तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका. आंबटानं धातू सुटतो आणि पोटात मळमळ होते. सजावटीसाठी पितळी घंगाळ हवंच असेल तर आत स्टीलचं पातेलं ठेवा.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्या ताईंसाठी गुळाच्या पन्ह्याऐवजी जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक ठेवा. आणि ते वेगळं मागायला लावू नका, दोन्ही समोर ठेवून "काय घेता?" असं विचारा.

बाकी पदार्थ कोरडे निवडा. भाजलेले पापड, तळलेल्या कुरडया, चुरमुरे-शेंगदाणे, आयत्या वेळी कालवलेली भेळ, काकडीच्या फोडी. या दिवसांत गटाच्या कुरडया-पापड घरोघरी वाळत असतातच, बाहेरून आणायची गरज नाही. कलिंगड, काकडी धुऊन मगच कापा आणि वाढायच्या वेळीच कापा. फोडी करून परातीत उघड्या ठेवल्या की माश्या आधी जेवतात. खव्याची मिठाई, बासुंदी, आदल्या दिवशीची बटाट्याची भाजी या दिवसांत टाळा. उरलेली डाळ कोणाला डब्यात देऊ नका. प्रेमानं दिलेला डबा दुसऱ्या दिवशी घरातल्या पोराला जुलाब देऊन जातो.

आरास: सावलीतूनच सजावट

आता आरास. बघा, वर सांगितलेलं सगळं केलं तर निम्मी सजावट झालेलीच असते. रंगीत सुती साड्यांचं छत, खांबाला बांधलेले आंब्याचे टहाळे, ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, त्यावर मोगऱ्याचा गजरा, सडा घातलेली जमीन. यात विकत काय आणलं?

चैत्रांगण काढायला येणारी एखादी आजी गावात असतेच. पाळण्यातली गौर, तुळशीवृंदावन, सूर्य-चंद्र, शंख, कमळ, कासव, गाईची पावलं. आजींना खुर्ची द्या, रांगोळी तरुण मुलींनी त्यांना विचारून काढावी. एकीकडून दुसरीकडे ही कला अशीच जाते. रांगोळी मांडवाच्या दारात काढा, बायकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत नको.

फुलं त्या त्या दिवसांतली घ्या. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा झालेला असतो, गुलमोहर लाल असतो. मोगऱ्याचे गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या शेजारी ठेवले तर संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतात. कलिंगडाची नक्षी आणि कैऱ्यांचे घोस गौरीपुढे मांडा. पण मांडलेलं कलिंगड नंतर खायला वाटू नका, ते गुरांना द्या.

थर्माकोलच्या ताटल्या-वाट्या आणि प्लॅस्टिकचे एकदा वापरून फेकायचे पेले यांवर राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी-द्रोण वापरा. आसपासचा एखादा गट ते बनवत असेल तर पैसा आपल्यातच राहतो. नाहीतर प्रत्येकीनं घरून येताना स्टीलचा एक पेला आणायचा. काही ग्रामसंघांकडे भाड्यानं द्यायची भांडी असतात, आधी चौकशी करा.

दिवे, कूलर आणि विंचू

हॅलोजन लावू नका. तो उष्णता टाकतो आणि किडे पन्ह्यात पडतात. एलईडी दिवे मांडवाच्या कडेला, खाण्याच्या जागेपासून लांब लावा. सडा घातलेल्या ओल्या जमिनीवरून वायर नेऊ नका, खांबावरून वर न्या. जोड असलेली, टेप गुंडाळलेली वायर नकोच. तारेवर आकडा टाकणं हा गुन्हा तर आहेच, पण ओल्या अंगणात तो जीवघेणा आहे.

कूलर आणला तर थ्री-पिन प्लग आणि अर्थिंग असलेल्या ठिकाणीच लावा. पाणी भरताना आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मगच पाण्याला हात. ओल्या पायानं, अनवाणी कूलरला हात लावू नका. मुलांना कूलरजवळ खेळू देऊ नका.

उन्हाळ्यात विंचू-साप गारव्याच्या शोधात लाकडांच्या ढिगाखाली, दगडांखाली, माठाजवळच्या ओलाव्यात येतात. अंगणाच्या कडेचे ढीग आदल्या दिवशी दिवसाउजेडी हलवा, हातानं नाही, काठीनं. चपलांच्या ढिगावर एक दिवा लावा, घालण्याआधी चपला झटकायला सांगा. विंचू चावला तर मंत्र-तंत्र करत बसू नका. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. हे उपचार दवाखान्यातच होतात, म्हणून तिथे लवकर पोचणं हेच मोठं काम.

सगळ्यांना सावलीत जागा

आपल्या प्रत्येक गटात एकल आणि विधवा ताई आहेत. त्या बचत भरतात, कर्ज फेडतात, कोणी अध्यक्ष आहेत. पण हळदीकुंकवाच्या दिवशी त्या घरी थांबतात, किंवा येऊन मागे, मांडवाबाहेर उन्हात उभ्या राहतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानंही इतर ग्रामपंचायतींनी हा आदर्श घ्यावा असं परिपत्रक काढलं.

आपल्या गटानं ठराव करायची वाट कशाला बघायची? निमंत्रण सगळ्यांना एकाच तोंडानं द्या. पन्हं, डाळ, फूल, ओटी सगळ्यांना द्या. कोणाला कुंकू लावून घ्यायचं आणि कोणाला नाही हे ज्या त्या ताईला ठरवू द्या, आपण हात आखडता घेऊ नका. घरात सासूबाईंचा विरोध असेल तर कार्यक्रमाला 'चैत्र मेळावा' म्हणा. नाव बदललं की पुष्कळदा वाट मोकळी होते.

यजमानीण कुठे आहे?

कार्यक्रमाच्या फोटोत यजमानीण क्वचितच दिसते, कारण ती आत असते. पत्र्याखाली, चुलीपुढे, घामानं भिजलेली. उन्हाचा सगळ्यात मोठा धोका मांडवात बसलेल्या पाहुणीपेक्षा तिला असतो. ती सकाळी शेतात जाऊन आलेली असते, दुपारी पाणी भरलेलं असतं आणि सगळ्यांना पन्हं देताना स्वतः पाण्याचा घोट घेतलेला नसतो.

म्हणून कामं बैठकीतच वाटा आणि प्रोसिडिंगच्या वहीत नावानिशी लिहा. मांडव दोघी (आणि घरातले पुरुष, त्यांचीही नावं लिहा), पाणी तिघी, पन्ह्याचा गर एक, डाळ दोन घरी, शौचालय आणि दिवे एक, भांडी घासायला चौघी. तळण-उकडणं सकाळी दहाच्या आत संपवा, दुपारी चूल पेटवू नका. आणि एका ताईला एवढंच काम द्या, की दर अर्ध्या तासानं यजमानणीच्या हातात पेला द्यायचा आणि ती पिईपर्यंत तिथून हलायचं नाही.

खर्चाचंही तसंच. माझ्याकडे झालं त्यापेक्षा तुझ्याकडे भारी व्हायला हवं, या चढाओढीत गटातून कर्ज घेऊन हळदीकुंकू केल्याचं ऐकलं की वाईट वाटतं. वाण स्टीलचं की प्लॅस्टिकचं यावर कोणाची पत ठरत नाही. वर्गणी सगळ्यांची सारखी ठेवा, वाण म्हणून भाजीच्या बियांची पुडी किंवा शेवग्याचं रोप द्या, आणि गटाचं कर्ज शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पोरांच्या शिक्षणासाठी राहू द्या.

त्रास झालाच तर

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, वयस्कर, बीपी-शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या ताई आणि लहान मुलं यांना सगळ्यात आतल्या, वाऱ्याच्या जागी बसवा. कोणाचं डोकं दुखायला लागलं, चक्कर आली, पायात गोळे आले तर लगेच सावलीत आडवं करा, साडी-ब्लाऊज सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. शुद्धीवर असेल तर जलसंजीवनीचं पाणी घोट घोट द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. मीठ जास्त नको.

अंग तापलेलं आहे, बोलणं असंबद्ध आहे, उलट्या थांबत नाहीत किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

दशसूत्रीत आपण आरोग्य हे सूत्र दर बैठकीत म्हणतो. या महिन्यात ते अंगणात दिसू द्या. पुढच्या बैठकीत हा लेख एका ताईनं मोठ्यानं वाचावा आणि वाचून झाल्यावर वहीत चार ओळी लिहाव्यात: वेळ, सावलीची जागा, पाण्याचे जार, कामाची नावं. साडीचा रंग पाचव्या ओळीत लिहा. आणि पन्हं झालं की मला पण बोलवा, पेला मी घरून आणीन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक